मानधनाच्या दिवशी रिकामं सभागृह

बारा वर्षं ती सात नंबरची बस चालवत होती, आणि ‘चालकाशी बोलू नये’ ही तिच्या डोक्यावरची पाटी त्या बारा वर्षांत कोणीही मनावर घेतली नव्हती. सिग्नलला बस थांबली की मागून कोणीतरी पुढे सरकायचंच. थांब्यावर छप्पर नाही. शाळेसमोरचा दिवा महिनाभर बंद आहे. गटाराचं झाकण कोणी पळवलं. ती आरशात बघत “हं” म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी शिफ्टवर जाण्याआधी नगरपरिषदेच्या कार्यालयात डोकावून तक्रार लिहून यायची. झाकण बसलं, दिवा लागला, तशी लोकांना चटक लागली. निवडणूक आली तेव्हा तिला उभं केलं ते प्रवाशांनीच. समोरच्या उमेदवाराने गल्लोगल्ली फलक लावले. हिचा प्रचार म्हणजे दिवसाला आठ फेऱ्या. ती निवडून आली.

गावात तिला सगळे ‘सात नंबर’ म्हणत. नगरसेविका झाल्यावरही ते नाव काही सुटलं नाही. सगळ्यात जास्त फरक पडला तो सासूबाईंना. आधी पाण्याच्या कार्यालयात त्या रांगेत उभ्या राहायच्या, आता तिथला कारकून त्यांना खुर्ची देऊ लागला. त्यांचं काम नसलं तरी त्या आठवड्यातून एकदा जाऊन त्या खुर्चीत बसून यायच्या.

अडचण एकच होती. सभा महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, दुपारी तीनला. तिची शिफ्ट सव्वाबारा ते सव्वाआठ. म्हणजे अडीच वाजता शेवटच्या थांब्यावर बस बदली ड्रायव्हरच्या हवाली करायची, अर्ध्या दिवसाचा पगार सोडायचा आणि गणवेशातच धावत सभागृह गाठायचं. वर समित्यांच्या बैठका, त्याही तीनलाच. नगरसेवकांना मानधन असं काही नव्हतंच. सभेला एक चहा आणि वर्षाला एक डायरी, संपला विषय.

दोन वर्षं डेपोच्या मॅनेजरने चालवून घेतलं. मग एके दिवशी त्याने तिला बोलावून सरळच सांगितलं, “बाई, माझ्याकडे बदली ड्रायव्हर एकच, आणि त्याचीही कंबर धरलेली. बस ठेवा नाहीतर खुर्ची ठेवा. महिनाअखेरपर्यंत सांगा.”

बस सोडणं शक्य नव्हतं. घर तिच्यावर चालत होतं. तेव्हा सोडायची ती खुर्चीच. आता सगळी आशा होती ती मानधनाच्या ठरावावर. मानधन मिळालं तर अर्ध्या पगारावरची, सकाळची शिफ्ट घेता येईल, असा तिचा हिशेब. पण हे तिने सभागृहात कोणालाच सांगितलं नव्हतं. बाजाराच्या गल्लीतून, दोन्ही बाजूंना वीतभर जागा असताना, बारा मीटरची बस काढणारी ही बाई. पण समोरच्या माइकवर लाल दिवा लागला की ती तो लगेच बंद करायची. दोन वर्षांत ती दोनदा बोलली होती, आणि दोन्ही वेळा “अनुमोदन” एवढंच.

मानधनाचा ठराव म्हणजे अकरा वर्षांचं भिजत घोंगडं. मनातून सगळ्यांना हवा, पण ‘आपला हात जगन्नाथ’ असं लोक म्हणतील म्हणून मांडायला कोणी धजत नव्हतं. या वेळी अध्यक्षांनी मांडला. अध्यक्षांचं रंगाचं दुकान होतं, आणि त्यांच्या नखांत कायम कुठला ना कुठला रंग असायचा. त्यांनी विषय वाचला मात्र, सदस्यांतले हेडमास्तर उभे राहिले. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी त्यांच्या आवाजाला ते कोणी कळवलं नव्हतं.

“सेवा ती सेवा,” ते म्हणाले. “आणि मी नियम क्रमांक चौदाकडे सभागृहाचं लक्ष वेधतो. ज्या सदस्याला ठरावातून पैशाचा लाभ होणार, त्याने मतदानाच्या वेळी बाहेर जावं. शाळा रंगवायचा विषय होता तेव्हा अध्यक्ष गेले होते की नाही?”

“गेलो होतो,” अध्यक्ष म्हणाले.

“मग आज?”

सचिवांनी नियमांचं पुस्तक काढलं. बारीक अंगाचा माणूस, पण नियमाच्या बाबतीत खांबासारखा. त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. “नियम स्पष्ट आहे,” ते म्हणाले. “ज्यांना लाभ होणार त्यांनी बाहेर जावं.”

एक उठला. मग दुसरी. खुर्च्या सरकू लागल्या. अध्यक्षही हातोडा ठेवून निघाले. हेडमास्तर हाताची घडी घालून बसून राहिले.

“सर, आपणही,” सचिव म्हणाले.

“मी एक पैसाही घेणार नाही.”

“घ्यायचा की नाही हे नंतर बघू. आधी मिळणार तर आहे.”

हेडमास्तरांनी हाताची घडी सोडली आणि तेही बाहेर आले. दार लागलं. आत सचिव, एकवीस रिकाम्या खुर्च्या आणि एक पंखा.

बाहेरच्या व्हरांड्यात एकच बाक. त्यावर तिघे बसले, बाकीचे भिंतीला टेकले. कॅन्टीनवाल्या काकू किटली घेऊन येत होत्या, त्या जागीच थबकल्या. “आज सगळेच बाहेर? आत साप निघाला काय?”

“मतदान चाललंय,” अध्यक्ष म्हणाले.

“कोणाचं?”

यावर आधी कोणीतरी खुदकन हसलं, मग सगळा व्हरांडा हसू लागला. हेडमास्तरांनी बराच वेळ दम धरला, पण चहाचा घोट नेमका त्याच वेळी घेतल्यामुळे तो नाकात गेला.

ठसका थांबल्यावर शेजारी कोण उभं आहे ते त्यांनी पाहिलं. “काय हो सात नंबर, तुम्हाला हवंय का मानधन? खरं सांगा.”

इथे माइक नव्हता, लाल दिवा नव्हता. हातात कप होता आणि विचारणारा माणूस सिग्नलला पुढे सरकलेल्या प्रवाशासारखा अगदी खांद्याशी होता. ती बोलली. मिळालं तर नको म्हणणार नाही, म्हणाली. मग डेपोचं सांगितलं, कंबर धरलेल्या बदली ड्रायव्हरचं सांगितलं, महिनाअखेरचं सांगितलं. “मला पैशापेक्षा हे तीन वाजणं नडतंय, सर. सभा सकाळी असती तर मी आजन्म फुकट आले असते.”



“अहो, मग बोलायचं नाही का?” अध्यक्ष म्हणाले.

“सगळ्यांना तीनच बरे पडत असतील असं वाटलं.”

“मला कुठले बरे पडतात? गिऱ्हाइकीची वेळ माझी.”

“माझ्या तर डोळ्यांवर झापड असते,” बाकावरून कोणी म्हणालं.

मग सभा तीनलाच का? कोणालाच सांगता येईना. दार उघडून सचिवांना विचारलं. त्यांनी जुनं कार्यवृत्त काढलं आणि उंबऱ्यात उभं राहूनच वाचलं. बत्तीस वर्षांपूर्वीच्या अध्यक्षांना दुपारी जेवणानंतर झोप घ्यायची सवय होती, सबब सभा तीन वाजता. ते गृहस्थ जाऊन एकोणीस वर्षं झाली होती.

“आणि मानधनावरही उपाय सापडला,” सचिव म्हणाले. एकांतात त्यांचं डोकं छान चाललेलं दिसत होतं. “मानधन पुढच्या निवडणुकीनंतर सुरू करा. म्हणजे आज कोणाच्याच खिशात काही पडत नाही. सगळ्यांनी आत यावं.”

सगळे आत आले. ठराव मताला टाकला. हेडमास्तरांचा हात कानापर्यंत गेला आणि तिथेच घुटमळला.

“सर, वर करताय की कान खाजवताय?” सचिवांनी विचारलं. “मला मोजता यायला हवं.”

“पुढच्या वेळी एखादी बसवाली मानधनावाचून अडायला नको, म्हणून करतोय,” हेडमास्तर म्हणाले आणि हात सरळ केला. सतरा विरुद्ध चार. तिने स्वतःचाही हात वर केला होता. निवडून येणाऱ्यांत आपण असू की नाही, कोणास ठाऊक, तरीही.

मग अध्यक्षांनी विचारलं, ऐनवेळचे काही विषय? तिने बटण दाबलं. लाल दिवा लागला, पण व्हरांड्यात एकदा बोलून झालेलं होतं. “सभा आणि समित्यांच्या बैठका सकाळी आठला घ्याव्यात,” ती म्हणाली.

“आठला मी फिरायला जातो,” हेडमास्तर म्हणाले.

“मग फिरत फिरत इकडेच या, सर.”

हे एकमताने मंजूर झालं.

घरी सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना आधी आपली खुर्ची वाचल्याचा आनंद झाला, आणि मग राग आला. “म्हणजे एकोणीस वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाच्या झोपेपायी तू दोन वर्षं बस सोडून धावत होतीस? तोंड काय गहाण ठेवलं होतंस?”

“घेतलं ना सोडवून,” ती म्हणाली, आणि डेपोला फोन लावला.

“ठरलं का बाई?” मॅनेजर म्हणाला. “बस की खुर्ची?”

“दोन्ही, साहेब. सभा आता सकाळी आठला. दहाला मोकळी, सव्वाबाराला गाडीवर.”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग मॅनेजरने घसा खाकरला. “बरं झालं. नाहीतरी तुमच्या मार्गावर दुसरा कोणी टिकला नसता, लोक डोकं खातात त्याचं.” आणि जरा आवाज उतरवून म्हणाला, “बाई, आता राहताच आहात तर डेपोच्या फाटकासमोर एक खड्डा आहे बघा. त्याचं जरा सभेत घ्या की.”

“हं,” ती म्हणाली, आणि डायरी शोधू लागली.