लीड्समधला पातेरा

पीटरबरो मागे पडलं आणि खिडकीबाहेर सगळं पिवळं दिसू लागलं. २००६चा तो उन्हाळा कोरडा गेला होता. इंग्लंड म्हणजे हिरवंगार, हे गृहीत धरून बसलेल्या मला ती करपलेली कुरणं पाहून चुकल्याचुकल्यासारखं झालं. मी तेव्हा मेडनहेडच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होते आणि ऑगस्टच्या बँक हॉलिडेला जोडून लीड्सच्या आत्याकडे निघाले होते. तिचे यजमान, आमचे काका, त्या वसंतात गेले होते. आत्या आता एकटीच.

दोघंही डॉक्टर, सत्तरच्या दशकात इथल्या हॉस्पिटलात आलेले. स्टेशनवर आत्या गाडी घेऊन उभी होती. "वाळलीस गं," म्हणाली, आणि घर येईपर्यंत ट्रॅफिकशिवाय कशावरच बोलली नाही.

चहा ओतताना तिनं सांगितलं, "मंगळवारी माणूस येतोय. पुढचं अंगण आणि मागची बाग, सगळं फरशी घालून बंद करणार आहे."

"आणि काकांचं अळू?"

"बघ जाऊन."

गावाहून आणलेले ते कंद काका दर थंडीत गराजमध्ये जपायचे आणि उन्हाळ्याच्या तोंडावर पुन्हा लावायचे. या वर्षी आत्यानं एकटीनं लावले होते. तणाची काडीही नसलेला तो स्वच्छ वाफा उन्हानं तडकला होता आणि अळवाची पानं कडेनं जळून लोंबत होती.

"रोज झारीनं पाणी घालते. कुठे जातं कळत नाही," आत्या म्हणाली. "मला नाही जमत, संपदा. हे त्यांचं काम होतं."

तेवढ्यात कुंपणावरून एक रुंद, हसरा चेहरा डोकावला. या लोसेबाई, टोंगा बेटांवरच्या. त्यांचा मुलगा इथल्या एका क्लबात रग्बी खेळायचा, म्हणून त्या प्रशांत महासागरातून थेट यॉर्कशरला येऊन राहिल्या होत्या.

"हा तालो (अळू) ना?" त्यांनी विचारलं. "मग असा उघडा का ठेवलाय?"

"उघडा म्हणजे?"

"माती उघडी पडलीय, डॉक्टर."

आत्याला ते लागलं. पण लोसेबाई मनापासून बोलत होत्या. नारळाच्या झावळ्या, केळीची पानं, कापलेलं गवत, जे हाताशी असेल ते त्यांच्याकडे पिकाच्या मुळाशी अंथरतात. खाली ओल टिकते, तण दबतं, पाला कुजून त्याची माती झाली, की वर पुन्हा अंथरायचं.

ऐकता ऐकता मी मनानं गुहागरजवळच्या आमच्या आगरात (नारळी-पोफळीच्या बागेत) पोचले. बाबा पोफळींच्या बुंध्याशी पातेरा (गळलेला पाला) आणि नारळाची सोडणं (वरची सालं) पसरायचे. चालताना पायाखाली चुरचुर व्हायची. पाला बाजूला केला की खाली काळी, गार माती आणि गांडुळं.

"आत्या, आपल्याकडेसुद्धा..."

"माहितीये मला. मीही त्याच आगरात वाढले," ती म्हणाली. "इथे आलो तेव्हा मात्र बाग झाडून लख्ख ठेवायला शिकलो. काही पडलेलं दिसलं तर शेजारी काय म्हणतील, ही धास्ती."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी काकांच्या गाडीतून जवळच्या बोलिंगच्या (गवतावर चेंडू घरंगळवण्याच्या खेळाच्या) हिरवळीवर गेलो. तिथला माळी लोसेबाईंना कापलेलं गवत द्यायचा. परतताना एका वळणावर पिशवी फाटली आणि मागची सीट, माझी मांडी, सगळं गवतानं भरलं. काकांनी या गाडीत कधी बिस्किट खाऊ दिलं नव्हतं. आत्यानं गाडी कडेला घेतली, मागे वळून पाहिलं आणि हसायलाच लागली. "यांनी मला घराबाहेर काढलं असतं," ती म्हणाली.

वाफ्याला आधी भरपूर पाणी दिलं. मग गवत आणि वाळका पाला अंथरला. "खोडापासून जरा लांब, नाहीतर कुजेल," लोसेबाई बजावत होत्या. आत्या गुडघे टेकून काम करत होती. मान वर न करता ती म्हणाली, "माझे मिस्टर गेले मार्चमध्ये."

"ठाऊक आहे," लोसेबाई म्हणाल्या. "रोज तुम्ही एकट्या पाणी घालताना दिसायच्या. यावंसं वाटायचं, पण धीर होत नव्हता."

आत्यानं पाल्याची टोपली त्यांच्याकडे सरकवली.

संध्याकाळी लोसेबाईंनी लू करून आणलं: बाजारातून आणलेली अळूची पानं, कांदा आणि नारळाचं दूध, फॉइलमध्ये गुंडाळून ओव्हनमध्ये शिजवलेलं. पहिला घास घेऊन आत्या मला म्हणाली, "चिंचगूळ तेवढा नाही. बाकी फदफदंच गं." आणि तिनं पुन्हा वाढून घेतलं.

निघायच्या दिवशी सकाळी ती पाला उचकटून बघत बसली होती. खालची माती अजून ओली होती. आत येऊन तिनं फरशीवाल्याच्या फोनवर निरोप ठेवला, की फक्त पुढचं अंगण करा, मागचं नको. स्टेशनवर म्हणाली, "ऑक्टोबरात ये. कंद काढायला सोबत लागेल." सप्टेंबरात नवी पानं फुटल्याचं तिनं फोनवर सांगितलं, आणि ऑक्टोबरात मी गेलेही.

पण ऑगस्टातल्या त्या परतीच्या दिवशी मेडनहेडला उतरले तेव्हा अजून उजेड होता. एका घराबाहेर कापलेल्या गवताच्या पिशव्या ठेवल्या होत्या. मी सहज एकीत हात घातला. आत कुजू लागलेल्या गवताची चांगली ऊब होती.

"काही हरवलंय का?" दारातून एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं.

"नाही. ही एक नेऊ का?"

"कौन्सिलची गाडी नेणारच आहे. न्या की."

मी भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचे. इमारतीच्या दाराशी गुलाबाचं एक मरगळलेलं झाड होतं. इतकी वर्षं त्याच्या शेजारून जात होते, पण आपलं घर दूर कोकणात, इथल्या मातीशी आपला काय संबंध, असंच धरून चालले होते. त्या संध्याकाळी बॅग पायरीवर ठेवली, खाली बसले आणि अंधार पडेपर्यंत त्याच्या मुळाशी गवत पसरत राहिले.