धनाजीनं आवळलेलं इंजीन

उचगावच्या आप्पा मिस्त्रींच्या शेडमध्ये एकच कायदा होता: ज्यानं आवळलं त्यानंच सोडायचं. दुसऱ्या मिस्त्रीनं बिघडवलेलं इंजीन कुणी आणलं, की आप्पा आधी त्या मिस्त्रीला बोलावणं धाडायचे. तो आला तरच पान्याला हात लावायचे. "मी खोलून चूक काढली, तर त्यो शिकणार कवा?" या हट्टापायी निम्मी गिऱ्हाइकं पळाली, आप्पांना त्याचं सोयरसुतक नव्हतं.

माझं लेथ त्यांच्या शेडला लागूनच, त्यामुळं त्यांच्या शिव्या मला घरबसल्या ऐकायला मिळायच्या. गिऱ्हाइकाला, "पावणं, ऑइल बघाय डोळं न्हाईत व्हय?" आणि मुलाला, धनाजीला, तर सकाळपासूनच. "तुझ्या हाताला वळणच न्हाय." धनाजी हसायचा, पाना पुसायचा आणि पुढचा बोल्ट घ्यायचा. पोरगं गुणाचं होतं हो! मी एकदा म्हटलं, "आप्पा, कधीतरी बरं म्हणा की त्याला." तर माझ्यावरच उखडले. "बापानं पोराला तोंडावर चांगलं म्हणू नये. हात ढिला पडतोय."

धनाजीची बायको सुरेखा घरामागं गुलाबाची नर्सरी चालवते. तिच्यासाठी बापलेकांनी भंगारातून एक जुना छोटा ट्रॅक्टर उचलला, रोपांच्या ओळींतून जाईल एवढाच. इंजीन पार उतरलेलं. वरचं हेड आप्पांनी केलं. खालचा पिस्टन आणि रिंगा धनाजीनं बसवल्या आणि सगळं आवळलंही त्यानंच. त्याच आठवड्यात हायवेवर एका ट्रकनं धनाजीला उडवलं.

दिवसकार्य उरकल्यावर ट्रॅक्टर चालू केला, तो निळा धूर ओकतच. निळा धूर म्हणजे इंजीन ऑइल जाळतंय, आणि बहुतेक वेळा दोष रिंगांचा. आप्पा येईल त्याला सांगत सुटले, "रिंगा उलट्या घातल्या असणार त्येनं. मी म्हणत न्हवतो?" मेलेल्या पोराबद्दल असं बोलताना त्यांची जीभ कशी रेटत होती, देव जाणे. मला त्यांचा राग यायचा. आणि एवढं बोलून इंजीन खोलायचं नाव नाही.

शेवटी सुरेखाच शेडमध्ये आली. "मामा, इंजीन जाम झालं तर नर्सरी बसंल. पोरांना काय घालू? तुम्ही खोला, न्हायतर मी दुसरीकडं नेते."

आप्पा बोल्टांकडं बघत राहिले. "त्येनं आवळल्यालं हाय, पोरी. सोडलं की गेलं."

"त्ये गेल्यात, मामा," सुरेखा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. "शिवा, हितं उभा ऱ्हा." पहिला बोल्ट सोडताना मी पाना धरायला गेलो तर खेकसले. पिस्टन बाहेर आला. रिंगा अगदी सुलट होत्या. त्यांच्या फटी एकाखाली एक येऊ नयेत म्हणून धनाजीनं त्या नीट फिरवून बसवल्या होत्या. आप्पांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मग हेड जवळ ओढलं, स्प्रिंग काढून व्हॉल्व्ह बोटानं हलवला. तो ज्या नळीत वरखाली होतो ती नळी झिजली होती, व्हॉल्व्ह खुळखुळत होता. ऑइल तिथूनच उतरत होतं. ती जुनी नळी "आजून चालतीया" म्हणून आप्पांनीच ठेवली होती.

त्यांनी धनाजीचा पिस्टन फडक्यानं पुसून बाजूला ठेवला. त्या दिवशी त्यांच्या तोंडून एकही शिवी ऐकू आली नाही.

मी लेथवर नवी नळी कातून दिली. इंजीन जोडलं, धूर गेला. सुरेखाचा ट्रॅक्टर आजही फिरतोय. आप्पांनी मात्र त्यानंतर एकही इंजीन घेतलं नाही. पाने माझ्याकडं आणून टाकले आणि शेडला कुलूप लावलं. हळूहळू जेवण तुटलं, अंथरूण धरलं, आणि गेल्या थंडीत गेले.

जाण्याआधी मी बघायला गेलो होतो. माझा हात घट्ट धरून म्हणाले, "चांगला कारागीर हुता रं त्यो. माझ्यापरास चांगला."

"त्याला ठाऊक होतं, आप्पा," मी म्हणालो.

"न्हवतं. मी कळूच दिलं न्हाय."