आग्रहाचं बटण

महाप्याच्या एका ऑफिसात मी एकच प्रश्न विचारून पोट भरतो: ‘हे खरंच काढून टाकायचं का?’ वेबसाइटवरचं काही पुसायला गेलात की मध्येच एक चौकट उगवते ना, तिच्यातली वाक्यं आणि बटणं माझी. फुशारकी मारत नाही, पण त्या चौकटीने अर्ध्या भारताचे लग्नाचे फोटो वाचवलेत. उरलेल्या अर्ध्याने माझं ऐकलं नाही, ते आता रडताहेत.

आणि एवढ्या मोठ्या माणसाला नेरूळच्या वन बीएचकेत धूळ चारली कोणी? सासूबाईंनी.

सासूबाई मालवणकडच्या. आमच्याकडे राहायला आल्यावर त्यांच्या पाककृतींसाठी मी एक वेबसाइट करून दिली. त्या फोनसमोर बसून बोलायच्या, फोन लिहून घ्यायचा. सगळा जीव एका पदार्थात अडकलेला: त्यांच्या आईची तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची, एकशिपी. दोन शिंप्यांतली एक फेकायची, दुसरीत गर तसाच ठेवायचा आणि मग जे काही करायचं, ते सांगणारं त्यांच्याशिवाय घराण्यात आता कोणी उरलं नव्हतं. त्यात सासूबाई कुठलीही पाककृती दुसऱ्यांदा वेगळीच सांगतात. म्हणजे एकदा गेली की गेलीच.

म्हटलं, आधी साध्या पदार्थांवर हात बसू दे. लगेच घावनांची पाककृती उडाली.

“आई, काढायचं का म्हणून विचारलं असेल ना त्याने?”

“विचारलं तर! एवढ्या आर्जवाने ‘खरंच काढायचं का?’ म्हणतोय, तर तोंडावर नाही कसं म्हणायचं?”

मी चौकट दोनदा विचारेल अशी केली. कोळंबीचं कालवण गेलं. “दोनदा म्हणाला हो बिचारा.” मी खवळलो. लालभडक अक्षरं, मागे उद्गारचिन्हांची पलटण: ‘हे परत कधीही मिळणार नाही!!!’ तर सोलकढी साफ.

“परत मिळणार नाही म्हणाला, जावईबापू. मग तर घ्यायलाच हवं ना?”

बायको हसून हसून सोफ्यावरून खाली. “अरे, तू कुणाला विचारतोयस? आईकडे ‘नको’ला काही किंमत आहे का?”

नाहीच. मला विचारा. पहिल्या दिवाळसणाला मी ताटावर दोन्ही हात आडवे धरले होते. सासूबाईंनी बोटांच्या फटींतून कढी वाढली. वडे किती रिचवले ते आठवत नाही, पण परतताना एसटी एका बाजूला कलली होती. त्यांच्या हिशेबी पहिलं ‘नको’ म्हणजे लाज, दुसरं म्हणजे वळण, आणि तिसऱ्याला वाढणारीला चेव येतो. अशा बाईला दुसऱ्याचा आग्रहही मोडवत नाही. माझी चौकट जितकी कळवळून विचारणार, तितकं त्या ‘हो’ म्हणणार. इतक्या वर्षांचा अनुभव माझा, गेला खाडीत!

शेवटी एका जेवणाला मी पोट धरून हरलो, तेव्हा सासूबाईंनी उरलेलं वाटीत काढलं, वर ताटली ठेवली. “बरं, झाकून ठेवते. भूक लागली की घ्या.”

तिथे माझी ट्यूब पेटली. विचारायचंच नाही! काढलं की गुपचूप बाजूला, आणि खाली एक पट्टी: ‘झाकून ठेवलंय. परत घ्या.’ मुदत त्याच संध्याकाळपर्यंत, कारण झाकलेली मासळी दिवेलागणीनंतर ठेवायची नाही हा त्यांचाच कायदा. मी स्वतःवर इतका खूश झालो, की आरशाशी हस्तांदोलन केलं.

रविवारी दिवाळे गावच्या मासळीबाजारातून तिसऱ्या आणल्या. सासूबाईंनी डोळे मिटून एकशिपी सांगितली, मागे त्यांची आई उभी राहून सांगतेय अशी. कुकरनेसुद्धा शिटी दाबून धरली.

सोमवारी दुपारी ऑफिसात फोन.

“जावईबापू, एकशिपी गेली.”

“कशी?”

“मीठ जास्त सांगितलं होतं, कमी करायला गेले. भलत्यावरच बोट पडलं.”

“टेन्शन नको. खाली ‘परत घ्या’ आहे, ते दाबा.”





“नको.”

“नको म्हणजे?”

“न विचारता पान उचललं त्याने. ही कुठली रीत? आणि ‘परत घ्या’ म्हणे, ते पण एकदाच, कोपऱ्यातून! आमची आई असल्या पंगतीला बसली नसती.”

कपाळ आपटायला भिंत शोधली. ऑफिसात सगळ्या काचेच्या. संध्याकाळी पट्टी जाणार, एकशिपी जाणार, आणि घरी मला उपाशी ठेवणार.

“घ्या ना, आई.”

“नको.”

“थोडीशी घ्या हो.”

“राहू दे म्हटलं ना.” आवाज मात्र मऊ झाला होता. लाज संपून दुसऱ्या ‘नको’पर्यंत, वळणापर्यंत आलो होतो.

मी खुर्चीवरून उठलो. अख्खा मजला माना वळवून बघत होता. बघू दे.

“आई, माझी शपथ आहे तुम्हाला! घ्याच!”

पलीकडे बांगड्या वाजल्या.

“एवढं म्हणताय म्हणून घेते हो.”