आबांची रानं आणि प्रश्नचिन्हं

परभणीच्या एका कम्प्युटर-प्रोग्रामवाल्यानं मला फसवलं. पैशात नाही, पैशात मला फसवणारा अजून जन्माला यायचाय. तो माझ्याशी चार महिने खोटं बोलला, आणि त्या चार महिन्यांच्या शेवटी माझा बाप गेला.

आम्ही पिंगळीकडचे मेंढरंवाले. सुगी संपली की शेतकरी खतासाठी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात. कळप रात्रभर तिथं बसतो आणि मग पुढच्या रानाला निघतो. मी लहानपणीच शाळा सोडून कळपामागं चालायला लागलो, मग बकऱ्यांचे सौदे केले. आता कोणाचा कळप कोणाच्या रानात बसवायचा ते फोनवर ठरवून देतो. हा धंदा मी शून्यातून उभा केला, पण त्यातली अक्कल आबांची होती. आबा म्हणजे माझे वडील. पेडगावापासून पार चुडाव्याच्या पुढपर्यंतचं एकेक रान त्यांच्या डोक्यात होतं. कोणत्या विहिरीचं पाणी मेंढरांना बाधतं, कोणत्या बांधावरचा पाला कोकरं मारतो, कोणता शेतकरी बोलावून घेतो आणि मग पाणीसुद्धा विचारत नाही, सगळं. त्यांना अक्षर येत नव्हतं, त्यामुळं कागदावर काहीच नव्हतं.

गुडघे गेल्यावर ते बाजेवरच असायचे. म्हटलं, त्यांच्या डोक्यातलं सगळं कम्प्युटरमध्ये उतरवून घेऊ. परभणीतला हा माणूस दुकानदारांना प्रोग्राम करून द्यायचा. मी त्याला पहिल्याच बैठकीत सांगितलं, "सगळं मराठीत पाहिजे."

"होईल की, काका."

भाव मी अर्ध्यावर आणला. जनावर घेताना मी दात बघतो, चालवून बघतो, पाय दाबून बघतो. इथं त्यानं माझ्या गावाचं नाव टाइप केलं, पडद्यावर झकास अक्षरं उमटली, आणि मी भुललो. ते सेव्ह कर, बंद कर, पुन्हा उघडून दाखव, एवढं म्हणायचं मला सुचलं नाही.

रोज दुपारी जेवण झालं की मी बाजेशेजारी बसायचो. आबा सांगायचे, मी टाइप करायचो.

"त्या आंब्याखालच्या हिरीचं पाणी दावू नको. पोट फुगतंय. लिवलं का?"

"लिवलं, आबा."

"तुजं हे पेटारं लय खायलंय. लेंडी कवा टाकनार?"

आठवडाभरानं मी जुनं काढून बघितलं. नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. शेतकऱ्याचं नाव प्रश्नचिन्ह, गाव प्रश्नचिन्ह, विहिरीची हकिकत म्हणजे प्रश्नचिन्हांची लांब ओळ. मेंढरांचे आकडे आणि फोन नंबर तेवढे शाबूत. मी त्याला फोन लावला.

"फॉन्टचा प्रॉब्लेम आहे, काका. आत सगळं व्यवस्थित आहे, फक्त दिसत नाही. तुम्ही भरत राहा, मी येऊन करून देतो."

मला ते पटलं. मेंढरू चिखलात लोळलं तरी खाली लोकर असतेच. धुतलं की दिसते. तसंच हे असेल, असं मी धरून चाललो. आबा रोज सांगत राहिले, मी भरत राहिलो, आणि दर आठवड्याला फोनवर तो म्हणत राहिला, "येतो, काका." चौथ्या महिन्यात आबा गेले.

त्यांचं दिवसकार्य उरकल्यावर चुडाव्याच्या पुढून एका मेंढक्याचा फोन आला. "कळप घिऊन हुबा हाय, आबा कोनती हीर नगं म्हनले व्हते?" मला आंबा आठवत होता, पण कोणाच्या रानातला ते आठवेना. पडदा उघडला. प्रश्नचिन्हं. "कुठंच पाजू नको, पुढच्या गावाला जा," एवढंच मी सांगू शकलो.

मग मी मशीन उचललं आणि कॉलेजात कम्प्युटर शिकवणाऱ्या एका बाईंकडं गेलो. त्यांनी डेटाबेस उघडला आणि एकेक नोंद खाली सरकवत बघितली.

"हा फॉन्टचा प्रश्न नाही. आत अक्षरं नाहीतच. प्रश्नचिन्हंच साठवली आहेत."

त्यांनी समजावून सांगितलं. डेटाबेस बनवतानाच त्याला कोणत्या लिपीची अक्षरं साठवायची ते सांगावं लागतं. इंग्रजी अक्षर एका खान्यात मावतं, आपल्या अक्षराला तीन लागतात. यानं एकखानी ठेवला होता. जे मावेना त्याच्या जागी मशीन प्रश्नचिन्ह ठेवत गेलं आणि मूळ अक्षर सोडून देत गेलं. बॅकअपमध्येही तेच.

"हे दुरुस्त करायला किती काम होतं?" मी विचारलं.

"सुरुवातीला? एका ओळीचं. आता मी ती ओळ बदलून देते, पुढचं नीट राहील. गेलेलं येणार नाही."

मी तडक त्याच्या ऑफिसात गेलो. तो म्हणाला, "काका, तुम्ही घासाघीस केली. मराठीचं काम जास्तीचं होतं."

"एक ओळ जास्तीची?"

तो टेबलावरचे कागद सारखे करायला लागला. मी विचारलं, "तुला कधी कळलं?"

"पहिल्या फोनच्या वेळीच."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही लई तापता, काका. वाटलं, बसून कायतरी मार्ग काढू."

मी त्याचा कीबोर्ड टेबलावर आपटून फोडला. ते मी कबूल करतो आणि त्याची भरपाईही करून आलो. भाव पाडला तेही कबूल. मी तापतो, हे साऱ्या बाजाराला माहीत आहे.

पण पहिल्या आठवड्यात तो खरं बोलला असता तर मी दोन शिव्या हासडल्या असत्या, त्यानं ती ओळ बदलली असती, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आबांनी पहिल्यापासून पुन्हा सांगितलं असतं. त्यांना घाई नव्हती. सांगायला त्यांना आवडायचं.

आता तो रस्त्यात दिसला की मान वळवतो. मला त्याची माफी नको, पैसे परत नकोत. त्यानं माझ्या घरी यावं, आमच्या चार मेंढरंवाल्यांसमोर बसावं आणि माझ्या एका प्रश्नाचं उत्तर द्यावं: माझा बाप चार महिने बोलत होता, आणि त्यातला शब्दही राहत नाही हे तुला ठाऊक होतं, तर तू कोणत्या तोंडानं मला 'भरत राहा' म्हणत होतास?