कचरापेटीतलं रेकॉर्ड

मंदा सावे यांना नुसतं 'क्लार्क' म्हटलेलं चालायचं नाही. "अव्वल कारकून म्हण," त्या सांगायच्या, "अव्वल म्हणायला जीभ झिजत नाही." राहायला चिंचणीला, नोकरी पालघरच्या एका सरकारी कार्यालयात, आवक-जावकच्या टेबलावर. सकाळच्या एसटीनं बोईसर, तिथून पुढं मिळेल ते वाहन. सीझनमध्ये पिशवीत घरच्या वाडीतले चिकू असायचे. ते सगळ्यांना फुकट वाटायच्या आणि मग वर्षभर ऐकवायच्या, "माझे चिकू खाऊन माझ्याच टेबलावर अर्धवट फाईल पाठवतोस?"

मी त्या कार्यालयात कंत्राटी तंत्रज्ञ म्हणून लागलो, तेव्हा त्यांच्या निवृत्तीला वर्षसुद्धा उरलं नव्हतं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला त्यांचं टेबल दाखवलं, एखादी बाई नवं स्वयंपाकघर दाखवते तसं. सरकारी कार्यालयात सहा गठ्ठ्यांची जुनी पद्धत आहे. टेबलावरचा प्रत्येक कागद सहापैकी एका गठ्ठ्यात गेलाच पाहिजे. काम बाकी असलेले कागद एकात, बाहेरून उत्तर यायचं असलेले दुसऱ्यात, असं करत करत निकाली निघालेली प्रकरणं रेकॉर्ड रूमच्या गठ्ठ्यात. बाकीच्यांच्या टेबलांवर हे सहा गठ्ठे साहेबांची तपासणी असली की उगवायचे. सावे मॅडमच्या टेबलावर ते रोज असत.

"तुमच्या कॉम्प्युटरच्या आधीपासून आमच्याकडं फोल्डर आहेत," त्या म्हणाल्या. "फक्त त्यांना सुतळी बांधावी लागते."

माझ्या येण्याच्या कितीतरी आधी ई-मेल आली, तेव्हा त्यांनी तिलाही सहा गठ्ठ्यांत बसवलं. पण कार्यालयाच्या खात्याला जागा फार कमी होती. स्कॅन केलेल्या अर्जांनी ते सारखं भरायचं आणि भरलं की नवीन मेल परत जायची. लोक येऊन भांडायचे. जागा वाढवून मागितली तर उत्तर आलं नाही. मग सावे मॅडमनाच एक गोष्ट लक्षात आली. मेल कचरापेटीत टाकली की खात्यातली जागा मोकळी होते, पण मेल कुठं जात नाही. उद्या उघडा, पुढच्या वर्षी उघडा, ती तिथंच असते. त्या जुन्या यंत्रणेत हे अगदी खरं होतं. पेटीतली मेल जागेत मोजली जात नव्हती आणि पेटी आपोआप रिकामीही होत नव्हती.

तेव्हापासून निकाली निघालेली प्रत्येक मेल पेटीत. तोच त्यांचा रेकॉर्ड रूमचा गठ्ठा. आस्थापनेचा नामदेव, लेखाशाखेतली रूपल, सगळ्यांना त्यांनी ही युक्ती शिकवली. सगळ्यांची खाती हलकी झाली. एका साहेबांनी तर बैठकीत त्यांचं नाव घेऊन कौतुक केलं होतं.

भिका त्याच कार्यालयात शिपाई होता. मनोरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या पाड्यावरचा. सावे मॅडम त्याला दिवसभर बोलायच्या आणि जेवताना अर्धा डबा त्याच्या पुढं सरकवायच्या. लॉकडाऊनच्या वर्षी, भातलावणीच्या दिवसांत, त्याला शेतात साप चावला. गाडी मिळेपर्यंत तो गेला.

त्याच्या जागेवर अनुकंपा तत्त्वावर त्याच्या बायकोला, नवसीला, नोकरी मिळू शकत होती. अट एकच, अर्ज ठरलेल्या मुदतीत कार्यालयाला मिळाला पाहिजे. आणि कार्यालयाचा दरवाजा तर बंद. आदेश होता की कुणी प्रत्यक्ष यायचं नाही, अर्ज फक्त ई-मेलनं घ्यायचे. सावे मॅडमनी नवसीच्या शेजाऱ्याच्या मोबाईलवर फोन केला. मनोरच्या कोणत्या दुकानात जायचं, कोणते कागद न्यायचे, सगळं सांगितलं. दुकानदारानं स्वतःच्याच खात्यावरून अर्ज पाठवला. मॅडमनी तो घेतला, 'अर्ज मिळाला' असं उत्तर दिलं, पुढं साहेबांच्या खात्यावर धाडला. त्यांच्या टेबलापुरता तो निकाली निघाला. त्यांनी तो, स्वतः पाठवलेल्या दोन्ही मेलसकट, पेटीत ठेवला. छापून घेतला नाही, आवक नोंदवहीत चढवलाही नाही, कारण त्या वेळी कागद न वापरण्याचाही आदेश होता.

पुढं काही वर्षांनी सगळ्या कार्यालयाची मेल क्लाउडवर गेली. क्लाउड म्हणजे काही जादू नाही. कपाट आपल्या खोलीतून काढून दूरच्या भाड्याच्या खोलीत ठेवायचं, एवढंच. कपाट हलवणाऱ्या माणसानं कुठला कप्पा रिकामा समजायचा, सगळं त्यावर असतं. इथं तो माणूस मुंबईतल्या एका ठेकेदाराकडं बसलेला होता आणि त्यानं हे कार्यालय कधी पाहिलेलं नव्हतं. परिपत्रक आलं, खात्यांची साफसफाई करून घ्या. सावे मॅडमनी साफसफाई केली. उरलीसुरली निकाली प्रकरणंसुद्धा वेचून पेटीत सुरक्षित ठेवली. ठेकेदारानं पेटी सोडून बाकी सगळं नेलं. जुना सर्व्हर काही दिवसांनी पुसून टाकला. बदली झालेल्या आणि निवृत्त झालेल्या साहेबांची खाती तर नेलीच नाहीत, कारण प्रत्येक खात्याचं भाडं पडतं.

हे कुणाच्या लक्षात आलं नाही. निकाली निघालेलं प्रकरण पुन्हा कोण उघडतो?

नवसीनं उघडलं. अनुकंपाची यादी लागली आणि तिच्या मुलानं मोबाईलवर वाचली. दुसऱ्या दिवशी ती मॅडमच्या टेबलासमोर उभी.

"बाय, माजा नाव नाय यादीत."

"असेल गं. पोरानं नीट बघितलं नसेल."

"तीनदा बघितला त्यानं. तू बोललीस अर्ज आला. आला नं तवा?"

"आला. मी स्वतः घेतलाय."

"मंग?"

नामदेवनं फाईल काढली. फाईलमध्ये नवसीचा अर्ज होता, पण दुसरा. बरीच वर्षं काही कळेना म्हणून तिनं मध्ये एकदा कागदावर दिलेला. त्यावर शिक्का होता, तारीख होती, आणि ती तारीख मुदतीच्या कितीतरी नंतरची होती.

मॅडम हसल्या. "पहिला माझ्याकडं आहे. थांब, काढून देते." मला हाक मारली. "इंजिनियर, ही तुमची नवी पेटी उघडून दे. हिचं कुलूप कुठं असतं ते मला सापडत नाही."

मी उघडली. आत गेल्या काही दिवसांत टाकलेल्या थोड्या मेल होत्या.

"ही नाही रे. जुनी. माझी सगळी रेकॉर्ड रूम."

"मॅडम, पेटीतलं सगळं आता महिन्याभरानं आपोआप जातं. आणि जुन्यातली पेटी इकडं आणलेलीच नाही."

"आणली नाही म्हणजे? सामान हलवताना एक खोली विसरले?"

"विसरले नाहीत. तो कचरा समजला."

त्यांनी स्क्रीनवरची पेटी स्वतः पुन्हा उघडून बघितली. मग नवसीला म्हणाल्या, "तू आज जा. मी बघते." तेव्हा त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

मी ठेकेदाराला लिहिलं. उत्तर आलं की करारानुसार काम पूर्ण झालं आहे. मनोरचं ते दुकान रस्ता रुंदीकरणात गेलं होतं आणि दुकानदार गुजरातला निघून गेला होता. त्या दिवशी दुपारी कार्यालयाचं काम थांबलं होतं. नामदेव, रूपल, सगळे मान खाली घालून आपापली पेटी उघडून बघत होते. संध्याकाळी नामदेव मला जिन्यात भेटला. म्हणाला, "माझ्याकडं तसलं काही नव्हतंच म्हणा." मी विचारलं नव्हतं.

दिग्विजय साहेब नवे होते, तरुण होते, बोलायला गोड. त्यांनी मॅडमना केबिनमध्ये बोलावलं. तांत्रिक काही लागलं तर म्हणून मलाही.

"अर्ज मुदतीत आला होता, साहेब. मी घेतला."

"मॅडम, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण तुम्ही म्हणजे रेकॉर्ड नाही."

"मग मी लेखी देते."

"काय देणार?"

"जे झालं ते. अर्ज आला, पुढं पाठवला, पेटीत ठेवला, पेटी गेली."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "शासकीय अभिलेख तुम्ही कचरापेटीत टाकला, असं तुम्ही स्वतः लिहून देणार? निवृत्तीच्या तोंडावर? चौकशी लागेल. पेन्शन अडकेल. त्यापेक्षा मी 'अभिलेख आढळून येत नाही' असं नोंदवतो. दोष मशीनवर जाईल. कुणाचंच नाव येणार नाही."

"आणि नवसी?"

"तिचं वाईट वाटतंच."

"भिका तुमच्या याच केबिनबाहेर बसायचा, साहेब. तुमच्या आधीच्या साहेबांच्या चपलासुद्धा उचलायचा."

"मॅडम, प्रत्येक वेळी भावनेनं नाही चालत."

घरी दिनानाथनी, त्यांच्या नवऱ्यानं, तेच सांगितलं. दिनानाथ वाडीत चिकूला पाणी देत होते. पाईप बंद न करताच म्हणाले, "गप बस गो आता. पोरांची शिक्षणं झाली, घर झालं. तू एकटीच होतीस काय टाकणारी?"

"एकटी नव्हते. पण शिकवणारी एकटीच होते."

"बाकीचे लिहून देतात काय?"

"नाही."

"मंग? तुला काय बक्षीस मिळणार हाय?"

हे सगळं त्यांनीच मला नंतर सांगितलं, बोईसरच्या स्टँडवर उभं राहून, नेहमीसारखं टोमणे मारत. "सगळ्यांना माझी काळजी," म्हणाल्या. "भिक्याच्या बायकोची कुणालाच नाही. नोकरीत असताना मी त्याला इतकं बोलले. आता त्याच्या बायकोचा कागद मीच गिळून बसू?"

मी म्हटलं, "मॅडम, पेटीचं लिहू नका. अर्ज मुदतीत मिळाला, मी स्वतः घेतला, एवढंच लिहा. तेही खरंच आहे."

"आणि विचारलं, मग कागद कुठाय, तर?"

"सापडत नाही म्हणा."

"इतकी वर्षं लोकांना मी तेच ऐकवत आले ना? 'सापडत नाही' हे उत्तर नसतं म्हणून." त्यांची एसटी आली. त्या चढल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी निवेदन दिलं. सगळं लिहिलं, काहीच लपवलं नाही. जागा कमी होती ते लिहिलं, मागून मिळाली नाही ते लिहिलं, पेटीची युक्ती आपली होती ते लिहिलं. इतरांची नावं मात्र लिहिली नाहीत. मी ते वाचलं तेव्हा मला वाटलं, याहून स्पष्ट पुरावा कुठल्या मेलनंही दिला नसता.

आधी चौकशीची नोटीस आली. अभिलेख हेतुपुरस्सर नष्ट केल्याबद्दल. मग निरोपसमारंभ रद्द झाला. रद्द झाला असं कुणी म्हणालं नाही, फक्त वर्गणी गोळा झाली नाही. त्यांच्या शेवटच्या दिवशी रूपलनं चहा मागवला. नामदेव रजेवर होता. पेन्शनची फाईल चौकशी संपेपर्यंत थांबली.

नवसीच्या अर्जावरचा निर्णय त्यानंतर आला. तो मी इथं माझ्या शब्दांत सांगतो, कारण मूळ भाषा वाचून कळायला वेळ लागतो. श्रीमती सावे यांचं निवेदन विचारात घेतलं. परंतु अभिलेख नष्ट केल्याबद्दल त्यांच्याचविरुद्ध चौकशी चालू असल्यानं त्यांचं म्हणणं पुरावा म्हणून विश्वासार्ह मानता येत नाही. सबब अर्ज मुदतबाह्य.

त्यांना दोषी ठरवण्यापुरतं ते निवेदन खरं होतं. नवसीच्या कामाचं ठरायची वेळ आली तेव्हा ते खोटं झालं. एकच कागद, एकाच टेबलावर, एकाच माणसाची सही.

मी तो निर्णय घेऊन चिंचणीला गेलो. दिवाळी होऊन गेली होती. नवसी आधीच तिथं आलेली होती. पाड्यावरची माणसं वीटभट्टीवर निघाली होती आणि तिलाही त्यांच्याबरोबर जायचं होतं. मॅडमनी ओट्यावर बस म्हटलं. ती बसली नाही, अंगणातच उभी राहिली. पाणी तेवढं प्यायली.

"अपील करू," मॅडम म्हणाल्या. "वरच्या ऑफिसला. मी लिहून ठेवलंय सगळं. तू फक्त अंगठा दे."

"त्यात तुजा नाव हाय?"

"असणारच. अर्ज मीच घेतला होता."

नवसीनं पदरानं तोंड पुसलं. "मंग नको, बाय. साहेब बोलला, तुज्या नावानंच बिघडला. नायतर झाला असता, बोलला."

"असं बोलला?"

"हा. मी तुला दोस देत नाय. तू खरी बोललीस, मला ठाव हाय. पन तुजा नाव काढून लिव. तेवढा कर."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. त्यांनी आतून कोरा कागद आणला, चष्मा लावला आणि ओट्यावर बसून पुन्हा लिहायला घेतलं. वरचा पत्ता लिहिला, विषय लिहिला, नवसीचं नाव, भिकाचं नाव, तो गेला ती तारीख. मग थांबल्या. पहिला अर्ज कुणी घेतला, कुणी पाहिला, कुणाला आठवतो, हे सगळं त्यांच्या नावाखाली होतं. ते नाव काढल्यावर पुढं लिहिण्यासारखं काहीच उरत नव्हतं.

नवसी अंगठ्याला शाई लावायची वाट बघत उभी होती.