तिचा आवाज आम्ही उशिरा ऐकला

आमची मुलगी रडायची तेव्हा आवाज येत नसे. तोंड उघडायचं, चेहरा लालबुंद व्हायचा, गालांवरून पाणी ओघळायचं आणि खोलीत मात्र फक्त पंख्याची घरघर. ती वेळेच्या फार आधी जन्मली होती. कित्येक आठवडे व्हेंटिलेटरवर राहिली, जगली, पण घशात इतके दिवस राहिलेल्या नळीमुळे स्वरयंत्राच्या खालची जागा आतून आकसली. मग डॉक्टरांनी गळ्याला पुढून छोटं भोक पाडून तिथे दुसरी नळी बसवली. श्वास तिथूनच आत, तिथूनच बाहेर. स्वरयंत्रापर्यंत हवा पोचायचीच नाही, तर आवाज कुठून येणार?

दिल्लीतल्या त्या मुलांच्या हॉस्पिटलात अशा मुलांसाठी वेगळा विभाग आहे. घशाचे सर्जन, फुप्फुसांचे डॉक्टर, बोलायला शिकवणाऱ्या मॅडम, नर्स, सगळे एकाच खोलीत बसून मुलाला बघतात. घरी सोडण्याआधी त्यांनी आम्हा नवराबायकोला सगळं शिकवलं. नळीत साचलेला कफ मशीनने कसा ओढायचा, नळी निघालीच तर दुसरी कशी घालायची. मी श्वास रोखून नळी धरली होती, तेव्हा सिस्टर म्हणाली, "पापा, पहले आप साँस लो." बायकोला ते पहिल्याच वेळी जमलं. ती पुण्याची, गुडगावच्या आयटी कंपनीत मोठी टीम सांभाळणारी. वॉशरूममध्ये जाऊन रडून यायची आणि पुन्हा हात धुऊन पलंगाशी उभी राहायची.

नोएडाच्या घरात आमच्याबरोबर माझी आई राहते. रडणं ऐकू येत नाही म्हटल्यावर कुणीतरी सतत बाळाकडे बघत असायला हवं, आणि दिवसभराचा तो पहारा आईने आपणहून घेतला. ती बाळासमोर बसून भाजी निवडायची आणि बोलायची. बोलायला शिकवणाऱ्या मॅडमनी सांगितलं होतं, "ती उत्तर देत नाही म्हणून थांबू नका. घरात तुमची भाषा बोला, भरपूर बोला."

मी दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलो. माझं मराठी 'अच्छा' आणि 'यार'शिवाय पुढे सरकत नाही. आईचं तसं नाही. चहा कढत आहे, पाणी गारढोण आहे, दार किलकिलं ठेव, असं ती त्या मुक्या पोरीशी तासन्‌तास बोलत राहिली. आणि पोरगी तिच्या ओठांकडे टक लावून बघत राहिली.

ती दोन वर्षांची झाल्यावर नळीच्या तोंडाशी एक छोटा व्हॉल्व्ह लावून बघायचं ठरलं. त्यातून श्वास आत जातो, पण बाहेर पडू शकत नाही, म्हणून बाहेर येणारी हवा वर स्वरयंत्रातून निघते. मॅडमनी आधीच सावध केलं होतं की जागा अरुंद आहे, तिला झेपेलच असं नाही. तिला बायकोच्या मांडीवर बसवलं आणि व्हॉल्व्ह लावला. ती खोकली. खोकल्याचा आवाज आला. तिने दचकून मागे वळून पाहिलं, कोण खोकलं म्हणून. खोकणारं दुसरं कुणी नव्हतं. मग ती घाबरली आणि रडायला लागली, आणि आम्ही तिचं रडणं ऐकलं.

कुणी तिला गप्प केलं नाही. बायको तिला छातीशी धरून म्हणत होती, "रड गं, रड." सर्जन खिडकीबाहेर बघत उभे होते. आई म्हणाली, "घोगरा आहे गं बाई आवाज. आजोबांवर गेलीय."

पुढचं वर्ष आमच्या घरातलं सगळ्यात गोंगाटाचं वर्ष होतं. एवढे दिवस आत साठलेले शब्द ती बाहेर काढत सुटली, आणि ते सगळे आजीचे शब्द होते. सोसायटीतली मराठी मुलं 'मम्मा, पानी दो' म्हणायची, आणि आमची घोगऱ्या आवाजात सांगायची, "गालढोन नको." झोपताना दार पूर्ण लावलेलं तिला चालायचं नाही. "किकिलं ठेव," असा हुकूम सोडायची. बाहेर कोण बसलंय ते तिला दिसायला हवं असायचं.

सर्जनांनी पुढचं ऑपरेशन कागदावर काढून दाखवलं होतं. बरगडीची थोडी कूर्चा घ्यायची, ती श्वासनलिकेत पाचरीसारखी बसवायची, जागा रुंद झाली की नळी कायमची काढायची. आम्ही त्याच्याच भरवशावर जगत होतो. पण त्यासाठी छाती स्वच्छ हवी होती, आणि दिवाळीच्या सुमाराला आमच्याकडची हवा कशी होते ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. खिडक्या बंद केल्या, हवा शुद्ध करणारी मशीनं लावली, पाहुण्यांना येऊ नका म्हणून सांगितलं. तरी कफ वाढला, मग ताप आला. दुपारी मी ऑफिसातून तसाच हॉस्पिटलात पोचलो तोवर तिला आयसीयूत नेलं होतं.

निमोनिया दोन्ही फुप्फुसांत पसरला होता. गळ्यातली नळी व्हेंटिलेटरला जोडली आणि व्हॉल्व्ह काढून ठेवला. तिचा आवाज पुन्हा बंद झाला. पण या वेळी तिला बोलता येतं हे तिला ठाऊक होतं. ती ओठ हलवायची आणि आमच्याकडे बघायची. पाणी, आई, घरी, एवढं आम्हाला कळायचं. एक शब्द ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, तो काही केल्या कळेना. मी विचारायचो, "दुखतंय का? उचलून घेऊ?" ती डोळे मिटून घ्यायची. समजत नाही याचा तिला राग येत होता.

सिस्टरने मेहेरबानी करून आईला थोडा वेळ आत सोडलं. आई तिच्या ओठांकडे पाहत राहिली. मग उठली आणि पलंगाभोवतीचा पडदा थोडासा बाजूला केला, हातभर. "किलकिलं म्हणतेय," आई म्हणाली. "तुम्ही बाहेर उभे राहता, तिला दिसत नाही."

त्यानंतर पडदा तसाच राहिला. सिस्टर बदलली की जाणारी येणारीला सांगायची, इसका परदा पूरा बंद मत करना. आम्ही आळीपाळीने त्या फटीसमोर उभे राहायचो. औषधं बदलली, मशीनचा जोर वाढवला. सर्जन रोज येऊन तिच्या पायावर हात ठेवून जायचे, त्यांच्याकडे करण्यासारखं काही नव्हतं तरीही. एका सकाळी आयसीयूच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बसायला सांगितलं, आणि खुर्ची पाहूनच मला कळलं. दुपारी ती गेली. बायकोने तिला मांडीवर घेतलं होतं, माझा हात तिच्या पाठीवर होता. ती गेल्यावरही हात तिथून उचलणं मला जमत नव्हतं.

आईने त्यानंतर बरेच दिवस भाजी निवडली नाही. घरात मी आणि बायको कामापुरतं बोलत होतो, तेही इंग्रजीत, जणू ऑफिसातच आहोत.

उन्हाळ्यात आम्हाला नळी घालायला शिकवणाऱ्या वॉर्डातल्या सिस्टरचा फोन आला. पानिपतहून एक जोडपं आलं होतं, त्यांच्या बाळाला तशीच नळी बसवली होती आणि बाळाची आई त्याला घरी न्यायला तयार नव्हती. "मॅम, आप एक बार मिल लो. हमारी नहीं सुन रही." मी म्हणालो, नको जाऊस. बायकोने पर्स उचलली. मग मीही गेलो.

बाळाची आई जेमतेम विशीतली मुलगी होती. बाळाच्या गळ्याशी तळहात धरून बसली होती, वारा लागू नये अशी. तिने एकच विचारलं, "रोएगा तो मुझे पता कैसे चलेगा?" बायको तिच्याशेजारी बसली आणि सांगत गेली. चेहऱ्याचा रंग कसा बघायचा, श्वासाचा आवाज बदलला की काय समजायचं, सासूला काय शिकवायचं. मुलगी ऐकत होती. मध्येच तिच्या नवऱ्याने भाबडेपणाने विचारलं, "आपकी बेटी अब कैसी है?"

मी काहीतरी बोलायला गेलो. बायकोने मला थांबवलं. "नहीं रही," ती म्हणाली. "नली की वजह से नहीं, निमोनिया हुआ था. पर उससे पहले वह बहुत बोलती थी." तो माणूस हात जोडून उभाच राहिला. त्याच्या बायकोने बाळाला आणखी जवळ घेतलं. मला वाटलं, झालं, आता ही कधीच घरी जायची नाही. पण ती मुलगी हळूच म्हणाली, "क्या बोलती थी?"

बायको तिला सांगू लागली. मराठी शब्द, मग त्यांचा हिंदी अर्थ. काही शब्दांना हिंदी सापडेना, तेव्हा ती हातांनी दाखवत होती. मी बाहेर जाऊन कॉरिडॉरमधल्या बाकावर बसलो.

परत येताना बायकोने गाडीतला रेडिओ बंद केला. मग म्हणाली, "खोटं सांगायला हवं होतं का रे?"

मी गाडीचा वेग कमी केला.

"गुरुवारी पुन्हा येते म्हणून सांगितलंय मी तिला," ती म्हणाली, आणि खिडकीकडे तोंड करून रडू लागली. मी गाडी चालवत राहिलो.