शालनताईंच्या नावावरचा फोटो

"इतकी दाट फिल्म वर्षात अशी मोकळी होते का?" मी विचारलं, पण इतक्या हळू की डॉक्टर मॅडमना ऐकूच गेलं नाही. त्या 'नॉर्मल' रिपोर्टवर सही करायच्या बेतात होत्या.

मी मिरजेतल्या एका हॉस्पिटलात इंटर्न आहे. मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, शिकते. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. डॉक्टरांना टोकायची मला सवय नाही. तरी पुन्हा विचारलं.

फॉर्मवर कुंडलच्या शालनताई, वय पंचेचाळीस. गेल्या वर्षीची फिल्म सगळी पांढरी. स्तनात चरबी कमी असली की ती अशीच दिसते. याला डेन्स म्हणतात. गाठही पांढरीच, त्यामुळे लपते. तुरा आलेल्या उसात बगळा शोधण्यासारखं. आजची फिल्म मात्र करडी आणि स्वच्छ होती.

मॅडमनी दोन्ही फिल्म शेजारी लावल्या. "ही तीच बाई नाही. फोटो कुणी काढला?"

"मीच." मी फॉर्म वाचला होता, चेहरा नाही.

बाहेर दोघी जावा चहा पीत होत्या. शालनताई म्हणून हाक मारली तर साठीची थोरली उठली. धाकटी बशीत बघत राहिली. मी फॉर्मवरचं वय दाखवलं, तेव्हा थोरलीनंच कबूल केलं.

"मागल्या टायमाला हिला लय दुखलं. मशीन चेपतंया न्हवं. मला सोसतंय, म्हटलं हिच्या नावानं मीच जाते. रिपोट तिलाच मिळंल की."

धाकटी बशीतच बोलली, "म्हयना झाला, हाताला गाठ लागतीया."

थोरलीला हे ठाऊक नव्हतं. तिनं कप खाली ठेवला आणि जावेच्या दंडाला धरलं. "ऊठ. घाण्यात घातल्यागत हुतंय, पर चिपाड हून भाईर येत न्हाई. मी आले की धड भाईर."

खऱ्या शालनताईंची फिल्म पुन्हा पांढरीच आली. म्हणून सोनोग्राफी केली. तिच्यात गाठ काळसर, वेगळी दिसते. हरभऱ्याएवढी होती. तुकडा तपासला, कॅन्सरच निघाला. लवकर सापडल्यानं स्तन न काढता ऑपरेशन झालं, मग रेडिएशन. थोरलीचा फोटो मॅडमनी तिला दटावून तिच्याच नावावर केला. नॉर्मल.

परवा शालनताई तपासणीला आल्या. मी आता फॉर्मच्या आधी चेहरा बघते. जरा जास्तच बघत राहिले असेन. त्यांनी डोक्यावरचा पदर मागं सारला.

"नीट बघ. मीच हाय. थोरलीला एस्टी स्टँडवरच बशिवलंया."